मागची डावी बाजू

१

सकाळी उठलं की मी आधी जीपला बोटं लावते, मग चहाचं आधण ठेवते. हसायचं तर हसा. टायर आणि वरचं मडगार्ड यांच्या मधल्या फटीत हात आडवा घालायचा आणि किती बोटं बसतात ते बघायचं, एकेका चाकापाशी वाकून. फट कमी भरली तर त्या बाजूचा पाटा, म्हणजे गाडी तोलणारी लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग, बसला असं समजायचं. ही सवय बाबांची. माझे बाबा कमळाकर. उभं आयुष्य याच जीपमधून किन्हवलीची माणसं शहापूरला पोचवली त्यांनी.

आता बाबा खाटेवर असतात. मणक्याचं ऑपरेशन झालं, कमरेला रुंद पट्टा आला आणि जीप सुटली. जुन्या जीपचे लोखंडी पाटे म्हणजे काय विचारू नका, खड्डा रस्त्यात असतो आणि खिळा बसणाऱ्याच्या कण्यात शिरतो. ऑपरेशननंतर एकदा त्यांना शेणव्यापर्यंत न्यायला निघाले, तर पहिल्याच वळणावर त्यांनी सदऱ्याची बाही दातात धरली. मी गाडी परत फिरवली. रस्ताभर मी रडत होते आणि बाबा मागून सांगत होते, "क्लच हळू सोड गो बाय."

त्यांना एकच ध्यास होता, म्हशाच्या यात्रेचा. मुरबाडच्या पुढं पौषात भरते ती, बैलांचा मोठा बाजार असतो. आमच्या गोठ्यात आता बैल नाहीत, पण बाबा दरसाल जायचे, परक्यांच्या बैलांचे दात बघायचे आणि कोण कुणाला फसवतोय ते मोठ्यानं सांगत फिरायचे. ऑपरेशनपासून यात्रा चुकतच होती. यंदा मी मनाशी ठरवलं, बाबांना न्यायचं, याच जीपमधून न्यायचं, आणि बाही दातात न धरता न्यायचं.

२

माझा नवरा ओमकार मेकॅनिक आहे. घराला लागूनच पत्र्याचं गॅरेज आहे. तिथलं निम्मं काम मी करते हे तो बाहेर सांगत नाही, म्हणून मी सांगते.

एक दिवस तो दारातूनच ओरडत आला. सरळगावच्या अलीकडे एका अंगणात नवी ऑफ-रोड जीप उभी होती, पुढून पार चेपलेली, पण मागचं सगळं शाबूत. जाड कॉइल स्प्रिंगा, शॉकअप, जोडदांडे, सगळं. "कुणाली, त्या स्प्रिंगांवर बाबांना बसवलं ना, तर खड्डा आलेला त्यांना दुसऱ्या दिवशी पेपरात वाचून कळेल."

मी तिथल्या तिथं हातातलं पीठ झटकलं आणि टेम्पोत चढले.

घरात गुणाबाई नावाची एक बाई एकटीच होती. जीप तिच्या मुलाची. त्या दिवशी चालवत मित्र होता आणि मुलगा मागं बसला होता. मित्र वाचला. एवढंच तिनं सांगितलं आणि ती ओटीवर जाऊन बसली. मी परत टेम्पोकडं वळणार होते. पण मग ओमकारनं चाक उतरवलं आणि मला ती स्प्रिंग दिसली. काळीभोर, मनगटाएवढी, गंजाचा ठिपका नाही. माझा जीवच बसला तिच्यावर. मी तिला दाबून बघितलं, वेड्यासारखी हसले, आणि ओमकार म्हणाला, "आता हिला घेऊन झोपू नकोस म्हणजे झालं."

जीपच्या मागच्या हुकाला एक दोरी बांधलेली होती, गाडी ओढायची असते तशी. ओमकारनं तीच सोडून सगळा माल टेम्पोत बांधला. तेव्हा गुणाबाई खाली आली आणि तिनं दोरीवर हात ठेवला.

"दावं ठेवून जा," ती म्हणाली.

ओमकार हसला. "मावशी, जीपला कसलं आलंय दावं? दोरी आहे ती, माल आवळलाय तिनं."

तिनं हात काढला नाही. टेम्पो हलला तशी ती दोरी तिच्या तळव्याखालून सरकत गेली.

३

पुढचे दिवस म्हणजे काय मजा होती. नव्या गाडीचं सामान जुन्या गाडीला असं मुकाट्यानं बसत नाही. जुन्या चासीला त्याची जागाच नसते, ती करावी लागते. पाटे काढले तेव्हा जीपखाली एवढी मोकळी जागा झाली की मी आत बसून डबा खाल्ला. ओमकार ब्रॅकेट कापायचा, मी पकडायचे, तो वेल्ड मारायचा. चुकलं की एकमेकांवर ओरडायचो, बसलं की टाळी द्यायचो. बाबा दारातून खाटेवरून बघत असायचे आणि सूचना सोडायचे, त्यांतल्या निम्म्या बरोबर निघायच्या.

शेवटचा बोल्ट आवळून जॅक खाली सोडला आणि जीप आपल्या नव्या स्प्रिंगांवर टेकली. मी मागच्या पायरीवर उडी मारली. जीप दबली आणि अलगद वर आली. पाट्यांवर अशीच उडी मारली असती तर दात वाजले असते.

"बाबा, बघा," मी ओरडले, "लोणी आहे लोणी."

बाबा हसले. मग म्हणाले, "डावीकडं बसलीय गो ती."

मी बघितलं. खरंच, मागची डावी बाजू थोडी खाली होती. उजवीकडं चार बोटं बसत होती, डावीकडं अडीच.

४

असं होतं. वापरलेलं सामान आहे, एक स्प्रिंग थकलेली असणार. ओमकारनं स्प्रिंगा काढल्या आणि अदलाबदल केली, डावी उजवीकडं, उजवी डावीकडं. थकलेली स्प्रिंग उजवीकडं गेली म्हणजे आता उजवी बाजू खाली बसायला हवी.

पुन्हा डावीच बसली. तेवढीच.

ओमकारनं डोकं खाजवलं. गवंड्याकडून पाण्याची नळी आणून जमीन तपासली, ती सपाट होती. ब्रॅकेट मोजले, ते एका मापाचे होते. "चासीच पिळवटलेली असेल, जुनी आहे," तो शेवटी म्हणाला. मला पटलं, कारण मला पटवून घ्यायचं होतं. यात्रा तोंडावर आली होती आणि जीप इतकी मऊ चालत होती की दीड बोटासाठी रडायला माझ्याकडं वेळ नव्हता. भातसानगरपर्यंत मी एकटीच फेरी मारून आले. खड्ड्यांतून जाताना गाणं म्हणत होते आणि आवाज जरासुद्धा हलला नाही.

एकच गोष्ट खटकली. धरणाच्या वसाहतीपाशी मी चहाला थांबले. उतरून दार लावलं, टपरीकडं वळले, तेव्हा मागून चुंई असा बारीक आवाज आला. माणूस मागच्या पायरीवरून उतरला की स्प्रिंग मोकळी होते, तो आवाज. वळून बघितलं तर जीप सरळ उभी होती. डावी-उजवी सारखी.

मला आनंदच झाला. म्हटलं, चालवून चालवून बसली आपोआप. चहा पिऊन परत आले आणि चावी लावायच्या आधी पुन्हा तोच आवाज झाला, या वेळी दबल्यासारखा. घरी येऊन बोटं लावली. डावीकडं अडीच.

५

बाबांची पहिली फेरी गावातच घेतली. आमच्या जीपला मागं समोरासमोर दोन बाकं आहेत. उजव्या बाकावर जाड गादी टाकली, त्यावर बाबांना पट्ट्यासकट बसवलं. ओमकार खाली उभा राहून चाकं बघत होता. मी पहिला खड्डा मुद्दाम घेतला आणि श्वास रोखून आरशात बघितलं. बाबांची बाही जागच्या जागी होती.

"दुखलं?"

"जरासं. पण चालंल. चालंल गो." त्यांचे डोळे भरले होते आणि ते बाहेर बघत होते, मला दिसू नयेत म्हणून. माझेही भरले. मी शाळेला वळसा घातला, बाजारातून नेलं, ओळखीचे दिसतील तिथं उगाच हॉर्न दिला. सगळ्या किन्हवलीला कळलं पाहिजे होतं की कमळाकर जीपमध्ये बसलाय.

परतताना बघितलं तर बाबा पाय आखडून बसलेले. गुडघे एका बाजूला, अगदी कोपऱ्यात. त्यांच्या कमरेला ते बरं नाही.

"बाबा, पाय पसरा की. समोर रिकामंच आहे."

"नको. लागतील."

"कुणाला?"

बाबांनी समोरच्या बाकाकडं बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. "सवय गो," ते म्हणाले. "सीटा भरलेल्या असल्या की पाय आत घ्यायची."

बाबा सीटा भरायचे, पण स्वतः कधी मागं बसलेले नव्हते. ते कायम स्टिअरिंगवर असायचे. हे मला रात्री जेवताना सुचलं. मी ओमकारला म्हटलं, तर तो म्हणाला, "दुखण्यात माणूस कसाही बसतो, तू उगाच काहीतरी डोक्यात घेऊ नकोस." मग मीही भाकरी संपवली.

६

यात्रेच्या आदल्या दिवशी दुपारी मी गॅरेजात एकटी होते. ओमकार सामान आणायला शहापूरला गेला होता आणि बाबा घरात झोपले होते. पत्रा तापून कटकट वाजत होता. बाकी शांत.

मी मागच्या डाव्या चाकापाशी उकिडवी बसले आणि फटीत हात घातला. चार बोटं आरामात बसली. वाहवा, म्हटलं. आनंदानं हात तसाच ठेवून मी जीपला म्हणाले, "शहाणी झालीस की गो."

चुंई.

मडगार्ड खाली आलं. हळू, अगदी सावकाश, म्हातारं माणूस जपून बसतं तसं. माझ्या वरच्या बोटावर टेकलं आणि तिथंच थांबलं. बोटं चिरडली नाहीत, नुसती धरल्यासारखी झाली. मान उंच केली तर मला वरचं डावं बाक दिसत होतं. रिकामं होतं. बाकाचं रेक्झिन मधोमध खोलगट झालं होतं.

मला आधी वाटलं ते हे, की जॅक सरकला असेल. पण जॅक भिंतीला टेकवून ठेवलेला समोर दिसत होता. मग वाटलं मांजर असेल, आणि एवढं वजनदार मांजर डोळ्यांसमोर आणून मला भलत्या वेळी हसू फुटलं. हात ओढून काढला तेव्हा कोपर खरचटलं. मी पाठीमागं न बघता घरात गेले आणि बाबांच्या खाटेच्या पायथ्याशी बसून राहिले.

बाबा जागे होते. मी सगळं सांगितलं. ते वेड्यात काढतील असं वाटलं होतं, पण त्यांनी वेगळंच विचारलं.

"त्या बाईनं दावं ठेवून घेतलं का?"

"ती दोरी? नाय. ओमकारनं माल बांधून आणली ती."

बाबा उठायला लागले आणि कमरेमुळं परत आडवे झाले. "दाव्यासकट बैल कोण देत नाय गो. बैल जातो, दावं घरात राहतं."

"पण बाबा, का?"

"नाय देत. दाव्यामागं घरचा जीव जातो म्हणतात," बाबा म्हणाले. "उद्या वाटेवरच आहे तिचं घर. दोरी देऊन टाक, मग पुढं जाऊ."

७

सकाळी थंडी होती आणि मी भलतीच खुशीत होते. दोरी द्यायची, सुटायचं, आणि यात्रा. ओमकारला एका ट्रॅक्टरचं काम लागलं होतं, तो मागाहून मोटरसायकलवर येणार होता. बाबांनी नवा सदरा घातला, त्यावर पट्टा आवळला, टोपी घातली. वाटेत ते पाय आखडूनच बसले होते आणि मी आरशात बघायचं टाळत होते.

गुणाबाईच्या अंगणात जीप लावली. मी काही बोलायच्या आतच तिनं दोरी माझ्या हातातून घेतली आणि ओटीच्या खांबाला दोन वेढे देऊन गाठ मारली. मागून चुंई असा आवाज आला. मी वळून बघितलं. जीपची डावी बाजू वर आली होती आणि हलकेच डुलत होती.

मला इतकं हलकं वाटलं की मी गुणाबाईच्या पायाच पडले.

"चहा घेऊन जा," ती म्हणाली.

"जा तू," बाबा जीपमधून म्हणाले. "मी बसतो."

स्वयंपाकघर मागच्या बाजूला, मधली खोली अंधारी. गुणाबाईनं कप मांडले, चार. एक तिनं मला दिला, एक स्वतःला घेतला, आणि उरलेले दोन घेऊन मधल्या खोलीत गेली. तिकडं खाट कुरकुरली. मी चहा घटाघट प्यायले, कारण मला निघायची घाई होती. जाताना मधल्या खोलीच्या दारावरून गेले, तेव्हा आत खाटेवर दोघं पाठमोरे बसलेले दिसले. एक तरणा, रुंद खांद्यांचा. दुसरा वयस्कर, सदऱ्यावर पट्टा बांधलेला.

"पाहुणे आहेत वाटतं?" मी विचारलं.

"घरचंच आहे," गुणाबाई म्हणाली. तिचा चेहरा मी पहिल्यांदाच इतका निवलेला बघितला.

मी अंगणात धावतच आले. बाबा जीपमध्ये होते, उजव्या बाकावर, पाय ऐसपैस पसरून. माझ्याकडं बघून हसले. मी सुटकेचा श्वास टाकला. तसला पट्टा काय, निम्म्या तालुक्याच्या म्हाताऱ्यांच्या कमरेला असतो.

८

मुरबाडच्या पुढं रस्ता खराब आहे. मी जपून चालवत होते तर मागून आवाज आला, "जोरात घे." मी घेतली. "अजून." जीप खड्ड्यांवरून वाहत होती आणि बाबा मागं हसत होते. इतकं मोकळं हसताना मी त्यांना आई गेल्यापासून ऐकलं नव्हतं. माझ्या अंगावर आनंदानं काटा आला.

म्हशाला खाचरात गाडी लावली. मी हात द्यायला मागं गेले तर बाबा स्वतःच खाली उतरले, पायरीवर पाय देऊन, पोरासारखे.

"पट्टा कुठाय?"

"काढला. लागत नाय आता."

"दुखत नाय?"

"काहीच दुखत नाय गो."

मी त्यांच्या गळ्यात पडणारच होते. मग आठवलं, ते उतरले तेव्हा आवाज झाला नव्हता. म्हटलं, एवढ्या गोंगाटात कुठला ऐकू येणार. पिपाण्या, हाळ्या, पाळण्यांची कर्रकर्र, घोंगडीवाल्यांची ओरड चालली होती. आम्ही यात्रेत फिरलो. जिलबी घेतली, ती त्यांनी हातातच धरून ठेवली. बैलबाजारातून चालत गेलो आणि बाबा एकाही बैलापाशी थांबले नाहीत.

"दात नाय बघायचे?"

"कशाला?" ते म्हणाले.

ऊन कलायला लागलं तेव्हा आम्ही परत जीपपाशी आलो, ओमकार अजून आला नव्हता. तो न झालेला आवाज माझ्या डोक्यातून जात नव्हता. मी बुटाची लेस बांधायच्या निमित्तानं मागच्या उजव्या चाकापाशी वाकले आणि फटीत बोटं घातली. चार.

"चढा बाबा," मी म्हटलं.

त्यांनी पायरीवर पाय ठेवला. मी बघत होते, चप्पल पायरीवर टेकली होती. ते वर चढले, बाकावर बसले, मागं रेलले. माझी बोटं फटीत होती. मडगार्ड केसभरही हललं नाही.

मी तशीच वाकून राहिले. वरून आवाज आला, अगदी बाबांचा, तेवढ्याच मायेचा.

"जाताना सरळगाववरनं नको गो बाय. कर्जतवरनं फिरून जाऊ."

बाबांनी जन्मात कधी लांबची वाट धरली नव्हती. डिझेल फुकट येत नाय, म्हणायचे.

"बरं," मी म्हटलं, आणि सरळ होऊन चावी काढली. माझे बाबा, वजनासकट आणि पट्ट्यासकट, गुणाबाईच्या त्या अंधाऱ्या खोलीत तिच्या पोरापाशी खाटेवर बसले होते, आणि दिवस मावळायच्या आत मला तिथं पोचायचं होतं, मागं याला बसवून.